भानुदासतात्यांची तबकडी

वाटीभर पाण्यात संगणकाची तबकडी, म्हणजे सीडी, धुणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या शेजारचे भानुदासतात्या धुवायचे. तेही दुष्काळात, सिडकोत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं तेव्हा! धुऊन झालं की पाणी तुळशीला. मग तबकडी बनियनला पुसून उन्हाकडं धरायची आणि एक डोळा मिटून तिच्यावर हलणारे रंग बघत बसायचं. हाक मारली तरी ओ नाही.

तात्या मूळचे चितेगावचे. कचेरीतून निवृत्त झाले आणि कुणाला देवाचं लागतं तसं ह्यांना लिनक्सचं, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या फुकटच्या प्रणालीचं, वेड लागलं. कॉलनीत कुणाच्या संगणकावर लिनक्स चढवताना काम मधेच अडकलं, की मालक मशीनला शिव्या घालायचा. तात्या टेबलावर हलकेच हात ठेवून म्हणायचे, "मशीन बेकसूर हाय. तबकडी आजारी हाय."

मग आमच्या संगणकावर बसून, इंटरनेटवरून उतरवलेल्या लिनक्सच्या फाइलची 'बेरीज' काढायची. म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती साइटवरच्या ओळीशी जुळली पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी फाइल बाद. जुळली, की फाइल तबकडीवर सगळ्यात कमी वेगानं लिहायची. "घाई नाय करायची पोरी. पुरण मंद आचेवरच शिजतं." तोवर आमच्याकडं चहावर चहा. दुपार पेंगत राहायची. लांब कुठंतरी बोअरच्या गाडीची घरघर चालू असायची, बायपासकडं उठणाऱ्या नव्या इमारतींची धूळ उन्हात तरंगत असायची, आणि पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. तात्या तिच्याकडं बघत कुठल्या कुठं पोचलेले असायचे.

गंमत म्हणजे साऱ्या कॉलनीचे संगणक चालू आणि ह्यांचाच बंद! त्यावर लिनक्स चढवताना दर वेळी पट्टी शेवटाजवळ येऊन थांबायची. तिथं मात्र निदान वेगळं. "ह्या मशीनलाच मस्ती आलीया," म्हणायचे.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात त्यांना तो हवा होता. त्यांच्या पत्नी गयाकाकू पाण्याला कंटाळून पुण्याला लेकीकडं गेल्या होत्या. "रोज पाणी यायला लागलं की येते," असं सांगून. तात्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यावर "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" ह्यापुढं दोघांची गाडी सरकत नसे. तात्यांना काकू डोळ्यांनी बघायच्या होत्या. तसं बोलून मात्र दाखवायचे नाहीत.

शेवटी मीच वैतागले. "तात्या, तुमच्या तबकडीची बेरीज केली का?"

"माझ्या हातची तबकडी ती! तिची कसली तपासणी?"

"अहो, दिव्याखाली अंधार!"

बिचारे दुखावले. पण माझ्या संगणकावर बसले आणि बेरीज काढली. जुळेना! उतरवताना लाइट गेली होती म्हणे, तेव्हा फाइलच बिघडली असणार. तात्या पोट धरधरून हसले. नवी फाइल उतरवली, तपासली, नवी तबकडी मंद आचेवर लिहिली. संध्याकाळी त्यांच्या घरी पट्टी पार टोकाला गेली आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

लेकीला कळवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर काकू आल्या, पदर सारखा करत. तात्यांनी उगाच केसांवरून हात फिरवला. बराच वेळ दोघं नुसतीच बघत राहिली.

"लई वाळलात वो," काकू म्हणाल्या.

"नाय नाय, पडदाच अरुंद हाय."

"पाणी येतं का रोज?"

त्याच सकाळी ह्या माणसानं आमच्याकडून दोन कळश्या नेल्या होत्या. एका अक्षरासाठी अख्खी फाइल फेकणारा माणूस माझ्याकडं न बघता म्हणाला, "येतं की. रोज येतं. सकाळ-संध्याकाळ."

काकू पडद्यातून त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या.

"इतकी वर्षं झाली, खोटं काय बोलता येईना तुम्हाला," त्या म्हणाल्या. "उद्याच्या गाडीनं येते."