निर्मलचा पिकलेला पेरू

व्याह्यांना खूश कसं करावं ते माझ्याकडून शिका, असं मी त्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मी मावला गावचा मास्तर. माझी लेक विमल नेरडीगोंड्याजवळच्या चंपतरावांची सून. तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती, पण घोडं अडलं होतं सासऱ्यांच्या होकारावर. चंपतराव कापूस पिकवणारा, मोजकं बोलणारा माणूस. म्हणून मी बेत आखला: दोन्ही घरांनी मिळून निर्मलला जायचं, तलावाच्या काठी सावलीत निवांत जेवायचं आणि व्याही तृप्त होऊन लवंडले की विषय काढायचा.

"इषय तेवढा काढा. तिथं थट्टामस्करी करू नका," बायकोने, रेणुकाने, बसमध्येच बजावलं.

पण व्याह्यांची थट्टा केल्याशिवाय आमच्याकडे सोयरीक मुरत नाही! निर्मलची लाकडी खेळणी नावाजलेली. तिथं उतरताच मी एका दुकानातून गुपचूप एक लाकडी पेरू घेतला. पिवळाधमक, देठाशी हिरवट, एका बाजूला पोपटाने टोचल्याची खूणसुद्धा रंगवलेली. तो घरून आणलेल्या खऱ्या पेरूंच्या टोपलीत सरकवला आणि वरून फडकं झाकलं.

तलावाकाठी जेवण रंगलं. चंपतराव भाकरीवर भाकरी मोडत होते.

"मास्तर, नवे दात बसवले नागपूरहून," त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "दोन वर्सं नुसता भात गिळला. आता कुठं भाकरीची चव समजून राह्यली."

माझी नजर टोपलीकडे गेली. ह्या दातांनी त्यांनी लाकूड चावलं तर? पोरीचं ट्रेनिंग तिथेच संपलं! सगळे बोलण्यात गुंग आहेत असं बघून मी फडक्याखाली हात घातला, चाचपून सगळ्यांत टणक पेरू काढला आणि हात धुवायच्या निमित्ताने काठावर जाऊन लांब भिरकावला. पेरू डुबुक करून तळाला गेला. माझ्या जिवात जीव आला.

संकट टळल्यावर माणूस उगाच उदार होतो. मी परत येऊन टोपलीतला सगळ्यांत पिकलेला पेरू निवडला.

"व्याही, हा घ्या. निव्वळ साखर आहे."

"नको मास्तर, पोट भरलं."

"असं कसं? माझ्या हातचा एक तरी खाल्लाच पाहिजे."

"कायले एवढा आग्रो करून राह्यले?" ते म्हणाले. पण व्याह्याचा हात मागे कसा सारायचा? त्यांनी पेरू घेतला आणि माझं मन राखायला चांगला करकचून चावला.

कट्कन आवाज झाला. वरची कवळी दुभंगली. अर्धी त्यांच्या तळहातावर पडली, अर्धी पेरूत रुतून बसली.

लाकूड पाण्यावर तरंगतं, हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला शिकवतो. तलावात पेरू बुडाला तेव्हा नेमकं तेवढंच आठवलं नाही. मी फेकला होता तो बिचारा कच्चा पेरू होता.

"मास्तर, काऊन असं केलं हो?" विहीणबाई, जयवंताबाई, एवढंच म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रेणुकाने माझ्याकडे पाठ फिरवली. विमल ताटं गोळा करत होती, आणि तिच्याकडे बघायची मला इतकी लाज वाटत होती की मी तलावाकडे तोंड करून बसलो. विषय काढायला आता तोंडच उरलं नव्हतं. त्यांना नाही आणि मलाही नाही.

परतीच्या बसमध्ये चंपतराव उपरणं तोंडावर धरून बसले होते. नेरडीगोंडा आलं. व्याही-विहीण उतरले; विमल दिवाळीपुरती आमच्याकडेच राहणार होती. बस सुटणार तेवढ्यात ते खिडकीपाशी आले आणि उपरणं जरा बाजूला केलं.

"मास्तर, पोरीले ट्रेनिंगले धाडा."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी हात जोडले.

"हात कायले जोडता?" ते म्हणाले. "तुमच्या घरात एक तरी शिकलेलं मानूस पायजे."

बसमध्ये पहिल्यांदा हसली ती माझी बायको.

विमल आता पाचवीलाच शिकवते. 'बुडणं आणि तरंगणं' हा धडा आला की दातांच्या खुणांसकट तो पेरू वर्गात घेऊन जाते. पाण्याच्या बादलीत तो छान तरंगतो म्हणे. खुणा कशाच्या, असं पोरं विचारत असतीलच. ती काय सांगते, हे विचारायची छाती मला अजून झालेली नाही.