एकही रकाना रिकामा नको

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, रोकड एकदाही कमी आली नाही. तेव्हा गल्लीतल्या पोरांना पैशाचं शहाणपण शिकवायला माझ्याइतका लायक माणूस नाही, हे मी भर सभेत सांगून टाकलं. "चार रविवार द्या. पोरं सरळ करतो."

खरी काळजी माझ्या मुलीची होती. ती नुकतीच नोकरीला लागली होती. मी एकदा साडूच्या कर्जाला जामीन राहिलो. साडू पसार झाला आणि सात वर्षं हप्ते माझ्या पगारातून कापले गेले. लाजेपोटी हे तिला कधी सांगितलं नाही. तिच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून तिलाही वर्गात बसवणार होतो.

गल्ली पाठिंब्याला नुसती उसळली. औषधवाल्याने वह्या दिल्या, शिंप्याने दुकानावरची खोली दिली. बाकीच्यांनी टाळ्या दिल्या, त्या फुकट असतात.

पहिल्या रविवारी गृहपाठ दिला. घरी विचारून महिन्याच्या खर्चाचा तक्ता भरा, एकही रकाना रिकामा चालणार नाही.

मंगळवारी सकाळी औषधवाला दारात.

"कंडक्टर, काय शिकवताय हे? पोराने आईसमोर विचारलं, बाबा, आत्याला दरमहा गुपचूप पाठवता ते कुठे लिहू?"

"मग?"

"मग काय. कालपासून खानावळीत जेवतोय."

शिंप्याची तऱ्हा उलटी. तो वर्षभर सावकाराचं व्याज भरतोय आणि बायकोने पिठाच्या डब्यात नोटांची चळत दाबून ठेवलेली. त्यांच्या पोरीने दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. बायकोने त्याला बजावलं, "माझ्या डब्याला हात लावलात तर याद राखा."

शुक्रवारी सभा बसली. औषधवाला उठला. "पोरांना पैशाचं जरूर शिकवा. पण आमच्या पैशाचं नको."

"मग कुणाच्या पैशाचं शिकवू?"

"त्यापेक्षा हस्ताक्षर शिकवा की. वह्या आहेतच."

ठराव एकमताने मंजूर. घरात खरं बोलायची हिंमत नसलेली ही माणसं पोरांचं अक्षर सुधारायला निघाली होती. मी तसं तोंडावर सांगितलं आणि उठलो.

शिंपी तेवढा माझ्या मागोमाग निघाला. बाहेर त्याने माझा हात हातात घेतला. "तुमच्या मुलीला मात्र छान तयार केलंत हो."

चला, एक तरी पोर शिकलं, म्हणून मी ताठ मानेने घरी आलो. मुलगी वाटच बघत होती.

"बाबा, शिंपीकाकांना मी समजावलं. सावकारापेक्षा पतपेढीचं व्याज निम्मं पडतं. आज कर्ज मंजूर झालं त्यांचं. फक्त एका पगारदार माणसाची सही हवी होती, ती मी केली. त्यांनी आपल्याला खोली दिली ना. हा बघा हिशोब, बरोबर आहे?"

मी दोनदा तपासला. पै न पै बरोबर होता.

जामिनाचा धडा मी चौथ्या रविवारी ठेवला होता. लाज वाटत होती, म्हणून अगदी शेवटी ढकलला होता.