न मारलेल्या थपडेची शिस्त

आमच्या चर्चच्या मंडळीत पापाची शिस्त पाप व्हायच्या आधीच लागते. देवाला सगळं आधी ठाऊक असतं, तर शिक्षा मागून कशाला, असा पंचांचा ठराव आहे. नाताळ आटोपला की देव पाळकसाहेबांना येत्या वर्षाचं सांगतो आणि ते पहिल्या रविवारी व्यासपीठावरून सांगतात. कोण खोटं बोलणार, कोण दारू पिणार, कोण कुणाला क्षमा करणार. लोक ऐकतात आणि घरी जाऊन रस्सा-भात जेवतात.

पुढच्या बाकांवरच्यांचं बहुतेक पुण्यच दिसतं. पाप दिसायला लागतं ते मागच्या सतरंजीपासून. मी सतरंजीवर बसते.

यंदा पाळकसाहेबांनी सांगितलं, की मार्था साळवे, म्हणजे मी, पंच शांतवन उजागरे यांच्या थोबाडीत मारणार. कधी आणि कशावरून, ते दिसलं नव्हतं. मला तिथल्या तिथे शिस्तीखाली घातलं. म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बंद, घरातलं मंगलकार्य बंद. उजागऱ्यांनी मला क्षमा केल्याबद्दल त्यांना त्याच उपासनेत शाल घातली. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

अडचण झाली माझ्या लेकीची. अनुग्रहाचं लग्न ईस्टरनंतर ठरलेलं. लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर पुकार होते, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. आई शिस्तीखाली असली की पोरीची पुकार होत नाही. आणि शिस्त उठते ती पाप करून पश्चात्ताप केल्यावर. मी पापच केलं नव्हतं, पश्चात्ताप कशाचा करू?

मी पाळकसाहेबांना जाऊन म्हटलं, मी मारतच नाही, विषय मिटला. ते म्हणाले, देवाला खोटं पाडणं हे थोबाडीत मारण्यापेक्षा मोठं पाप आहे आणि ते तुमच्या नावावर दिसलेलं नाही.

“म्हणजे मला मारावंच लागणार?”

“लागणार कुठे, मार्थाबाई? देवाने तुम्हाला पूर्ण मोकळीक दिली आहे. तुम्ही मोकळेपणाने मारणार.”

“आणि नाही मारलं तर?”

“मारणार.”

मी म्हटलं, अशी मोकळीक बोकडालाही असते, खाटकाच्या दारापर्यंत. त्यावर ते म्हणाले, हा फार खोल विषय आहे, आम्ही कॉलेजात वर्षानुवर्षं शिकलो तरी पुरता उलगडला नाही, तुमची तर चौथी झालेली. मी म्हटलं, हो, चौथीच. पण आमचे मास्तर उत्तर आधी फळ्यावर लिहून मग पोरीला गणित घालत नसत, आणि चुकलं म्हणून तिला आदल्या दिवशी छड्याही मारत नसत.

मग मी उजागऱ्यांच्या घरी गेले. तेही अवघडले होते. शाल पांघरून बसलेले, आणि क्षमा करायची बाकी. जानेवारीपासून रोज दाढी करून वाट बघत होते बिचारे. त्यांनी चष्मा काढून बायकोकडे दिला आणि गाल पुढे केला. “उरकून टाका, बाई,” म्हणाले. मी हात उचलला, पण मारता येईना. या माणसाने माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं. माझा नवरा गेला तेव्हा तांदळाचं पोतं पाठवलं होतं. शेवटी डोळे मिटून एक लावली. बाकीच्या पंचांनी ती धरली नाही. रागाशिवायची थप्पड म्हणजे पाप नव्हे, पाहुणचार, असा त्यांनी निकाल दिला.

उजागऱ्यांनी मला चिडवायचाही प्रयत्न केला. मी मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिथे येऊन म्हणाले, तुमच्या भाकऱ्या कच्च्या असतात. म्हणताना स्वतःच लाल झाले आणि आणखी एक मागून घेतली.

लेक रडायला आली. “आई, तू रोज कुणावर ना कुणावर चिडतेस. नेमकी माझ्याच वेळेला तुला शांती मिळाली?”

पहिली पुकार करायला शेवटचा रविवार उरला तेव्हा पंचांनी आम्हा मायलेकींना उपासनेनंतर आत बोलावलं. उजागरे आणि पाळकसाहेब शेजारी शेजारी बसले होते. उजागऱ्यांनी सवयीने गाल पुढे केलेला. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही निष्कारण ताणताय. आणि अनुग्रहाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “पोरीचंही काही दिसलं होतं. माणुसकी म्हणून मी झाकून ठेवलं. सतरंजीवरच्या पोरींचं कळायला देवच लागतो असंही नाही.”

माझा हात भाकऱ्या थापणारा आहे. तो गेला. पाळकसाहेबांच्या गालावर गेला.

कुणी आरडाओरडा केला नाही. ही थप्पड कशात धरायची, एवढाच प्रश्न होता. देव चुकत नाही, हे पक्कं. पुष्कळ विचार करून पंचांनी ठरवलं, की दिसलेली थप्पड हीच. दोघं शेजारी, दोघांना टक्कल, आणि देव बघतो वरून.

आता क्षमा पाळकसाहेबांच्या वाट्याला आली. ते म्हणाले, “माझ्या नावावर क्षमा दिसली नव्हती.”

“मग आपल्या मोकळिकीने करा,” उजागरे म्हणाले.

पाळकसाहेबांनी गाल चोळला. त्यांना सवय नव्हती. अखेर, केली, म्हणाले, पण भिंतीकडे बघून.

मला पश्चात्ताप करा म्हणाले. मी केला. उजागऱ्यांच्या वाट्याची थप्पड परस्पर दुसऱ्याला दिली, याचा. तो मंजूर झाला, शिस्त उठली आणि त्याच दुपारी घंटा वाजवून, गेलेल्या लोकांना परत बोलावून पहिली पुकार झाली. पुढच्या दोन्हीही वेळेवर झाल्या. हरकत कुणी घेतली नाही, यंदा कुणाची दिसलेलीच नव्हती.

जावयाचं मात्र लग्नानंतर बायकोशी बोलायचं एक खोटं दिसलं आहे. घरातल्या खोट्याला शिस्त नसते, माफी घरातच मागायची. म्हणून त्याने हळदीलाच अनुग्रहाची माफी मागून घेतली. तिने अजून दिलेली नाही. बघते, म्हणाली.