दिगंबरकाकांची निमआराम

नऊ नोव्हेंबर, रविवार. सकाळी आठला शेजारच्या कुत्रीच्या गुदग्रंथी रिकाम्या करायच्या. कॅलेंडरवर मी नुसतं 'निमी' लिहिते, कारण आमच्याकडे पाहुणे येतात आणि ते कॅलेंडर वाचतात.

आठला पाच कमी असताना कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "सर्वांनी लक्ष द्यावे. आठ वाजताचे काम फलाटावर लागत आहे. संबंधित मॅडमनी हातमोजे घेऊन त्वरित यावे. नोंद घ्यावी."

हे आमचे दिगंबरकाका. चाकूरच्या बसस्टँडवर त्यांनी तीसेक वर्षं कंट्रोलरची नोकरी केली. खिडकीत बसून माईकवर गाड्या सांगायच्या. नोकरी संपली, माईक सुटला, आवाज काही सुटला नाही. आमच्या गल्लीत भाजीवाला आला, नळाला पाणी आलं, कोपऱ्यावरच्या बाईंच्या सासूबाई आल्या, सगळ्याची घोषणा होते. काकांच्या भाषा दोन. घोषणेची अगदी पुस्तकी. "नोंद घ्यावी" म्हणून झालं की लगेच दुसरी, घरची: "या की मॅडम बिगी बिगी, कवाच्यान वाट बघायलाव."

नांदेडातलं हे घर त्यांच्या मुलानं बांधलं. वर्षभरात त्याची बदली बंगळुरूला झाली. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नव्हतं आणि काकांना तिथली हवा चालत नव्हती. त्यामुळे काका आणि कुत्री दोघंही इथेच राहिली. काकू त्याआधीच गेल्या होत्या.

कुत्री म्हणजे पांढरी, बोटभर नाकाची पॉमेरियन. मुलानं तिचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. काकांनी ते बदलून 'निमआराम' केलं. "साधी म्हणावं तर न्हाई, आरामगाडी म्हणावं तर तेवढी बी ऐट न्हाई. मधलीच हाय," हे त्यांचं स्पष्टीकरण. लाडात आले की निमी.

आता ग्रंथींचं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, आत, वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. शी करताना त्या आपोआप रिकाम्या होतात. लहान जातीच्या कुत्र्यांत कधीकधी होत नाहीत. मग कुत्रं फरशीवर बूड घासत चालतं आणि घराला आठवडी बाजारातल्या सुकटीच्या गोणीचा वास येतो. निमीचं गेल्या वर्षी तसं झालं. काका माझ्याकडे आले, कारण मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बरणीतले बेडूक आणि जिवंत कुत्री यांत काकांच्या लेखी फारसा फरक नव्हता. मी भोकरची, शेतकऱ्याची मुलगी. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला आहे. म्हटलं, चला. जनावरांच्या डॉक्टरांकडे दोघं गेलो, त्यांनी मला करून दाखवलं, आणि ते काम माझ्याकडे आलं ते आलंच.

पद्धत सोपी आहे. न्हाणीत जुना पेपर अंथरायचा. हातमोजे घालायचे, शेपूट वर धरायचं. भोकाला घड्याळ समजलं तर पिशव्या चार आणि आठच्या आकड्यांवर असतात. कापसाचा मोठा बोळा धरून अंगठा आणि बोटानं दोन्ही बाजूंनी हलकेच, आतून बाहेर, वरच्या दिशेनं दाबायचं. तोंड बाजूला ठेवायचं. हे शेवटचं मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पहिल्याच वेळी समजलं.

घड्याळाचं ऐकल्यावर काकांना जे काही झालं ते विचारू नका. निमीचं डोकं छातीशी धरून ते उभे राहत आणि न्हाणीत आवाज घुमे: "चार वाजताची गाडी सुटत आहे. आठ वाजताची गाडी काही कारणास्तव उशिराने धावत आहे." मी म्हणायची, "काका, गप्प बसा, मला हसू येतं आणि बोट सरकतं." मग ते कुजबुजत घोषणा करत. काम झालं की एका जुन्या वहीत नोंद. वेळ, उशीर, शेरा. 'चार: भरपूर. आठ: किरकोळ.'

त्यानंतर सुशीला. मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला, वर शेंगदाण्याचं कूट. दोन ताटल्या आधीच पुसून ठेवलेल्या असत. मी साबणानं तीनदा हात धुवून बसायची आणि काका चाकूरच्या गोष्टी सांगायचे. उदगीरच्या गाडीऐवजी अहमदपूरच्या गाडीत चढलेली नवरी. वऱ्हाड शोधत राहिलं, आणि काकांनी माईकवरून नवरीला अशी हाक मारली की तिनं पुढच्या फाट्यावर उतरून परत यायचं कबूल केलं, असं ते म्हणतात. पुढच्या फाट्यापर्यंत माईक कसा ऐकू गेला, हे मी विचारलेलं नाही. "बसा की, आत्ताच कुठं सुटलीय," ते म्हणायचे. घरी मशीनमध्ये माझे कपडे पडलेले असायचे. तरी तास जायचा.

हे दर एक रविवार आड. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय, असं काका म्हणाले होते. दवाखान्यात डॉक्टर ते सांगत होते तेव्हा मी बाहेर स्कूटी हलवायला गेले होते. प्रयोगशाळेत मुलांनी वाचलेलं तापमान मी स्वतः परत वाचते, तशी माझी नोकरी आहे. पण काकांचं मी परत तपासलं नाही.

तर नऊ नोव्हेंबर. शेपूट वर केलं आणि मी थांबले. चारच्या बाजूला सुपारीएवढी सूज, कातडी लालभडक. नुसता कापूस टेकवला तर निमी किंचाळली आणि वळून माझ्या मनगटाला चावली. वर्षभरात ती कधी चावली नव्हती.

"चार वाजताची गा..." काका म्हणाले आणि तिथेच अडकले.

"रिक्षा बोलवा," मी म्हटलं.

दवाखाना रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो. डॉक्टरांनी पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. "हे किती दिवसांनी काढता तुम्ही?"

"दर एक रविवार आड," मी सांगितलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"मी?" डॉक्टर काकांकडे बघायला लागले. "काका, मी काय म्हणलो होतो? बूड घासायली, वास यायला लागला, तरच काढा. नाहीतर हातसुद्धा लावू नका. सारखं दाबून दाबून आतून सुजलंय. पू धरायच्या बेतात आहे."

काका भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होते.

इंजेक्शन दिलं. सात दिवस गोळ्या, दिवसातून तीनदा कोमट पाण्याचा शेक, जेवणात उकडलेला लाल भोपळा. चार दिवसांत सूज उतरली नाही तर चिरा द्यावा लागेल. "लहान जीव आहे, वयही झालंय. भूल देताना भीती असते. बघू," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या रिक्षात निमी काकांच्या मांडीवर टॉवेलात. रिक्षा पुलावर आली. मग मी बोलले, आणि हळू बोलले नाही.

"तुम्हाला नीट ऐकू आलं नव्हतं का काका तेव्हा?"

"आलतं."

"मग?"

"बरूबर ऐकू आलतं." ते निमीच्या कानामागे बोट फिरवत होते. "तुमी दुसऱ्या कशाला येताव, मॅडम? काम असल्याबगर तुमी कुणाच्या घरी जात न्हाई. काकू गेल्यावर तीनदा च्याला बोलवलं म्या. तुमी म्हणलाव, बघू नंतर."

मला ते तीन चहा आठवत नव्हते. पण 'बघू नंतर' हे शब्द माझेच होते, त्यात शंका नव्हती.

"तिला दुखंल असं न्हाई वाटलं," काका म्हणाले. "उगं साफ व्हतंय म्हणलं. कवा कवा तर तिच्यात काईच नसायचं. तुमी म्हणायच्या, आज किरकोळच हाय. म्या म्हणायचो, हाव."

"तिच्या जिवाशी खेळलात तुम्ही."

"हाव," काका म्हणाले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली.

दाराशी मी त्यांच्या हातातून गोळ्यांची पुडी घेतली, वेळा समजावून परत दिली आणि घरी आले. संताप होताच. हात माझेच होते, त्याचाही होता. मनगटावरच्या चार दातांच्या खुणा डेटॉलनं धुतल्या, निमीची रेबीजची लस झालेली आहे हे दवाखान्यातून आणलेल्या कागदावर पाहून खात्री केली, मशीनमधले कपडे वाळत घातले. दिवसभरात भिंतीपलीकडून एकही घोषणा झाली नाही. संध्याकाळी पाणी आलं तेव्हा अर्ध्या गल्लीला कळलंच नाही. लोक बादल्या घेऊन एकमेकांना विचारत होते, काका गावाला गेलेत का.

सोमवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी त्यांची कडी वाजवली. काकांनी दार अर्धवट उघडलं. दाढी झालेली नव्हती, हातात ओलं फडकं होतं.

"शेक दिलाय," ते घाईनं म्हणाले. "गोळी बी घेतली तिनं, भोपळ्यात घालून. सूज जरासाक कमी वाटायलीय. तुमी जावा, तुमाला उशीर व्हईल. काम काईच न्हाई."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि चपला काढल्या.