रंभाजीराव सरलष्करांनी साखर हद्दपार केली, ती हकीकत

कुलस्वामिनीस दंडवत, आणि त्याखालोखाल जिभेस दंडवत, कारण राज्ये बुडतात ती बहुधा तिच्याच पायी. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, एके राज्यी रंभाजीराव सरलष्कर यांस मधुमेहाने घेरिले, त्याचा मजकूर ऐसा जे, सरलष्कर मोठे मातबर, शत्रूस कधी पाठ दाखविली नाही आणि बासुंदीसही दाखविली नाही. त्यामुळे साखर रक्तात ठाणे देऊन बसली, आणि पायांस सूज आली, आणि जिना चढता धाप लागू लागली, आणि घोडा यांस पाहून मान फिरवू लागला. राज्याची चाल ऐसी की दसऱ्याचे सीमोल्लंघनी जो निशाणापुढे घोडा घालील तोच सरलष्कर. पालखीत बसलेला चालत नाही. चुलतबंधू मानकोजीराव यांनी तर त्या कामीचा फेटाही बांधून पाहिला. हे कानी येता रंभाजीरावांस घास गोड लागेना, आणि दुखण्याचे दृष्टीने ते बरेच जाहले.

मग राजवैद्य मोरंभट यांनी नव्या वाणाची गोळी आणिली. तिची मसलत न्यारी. मूत्रपिंडे म्हणून देहाचे दोन नाकेदार, ते बाहेर चाललेली साखर फिरून आत घेतात. गोळी त्यांचा हात धरिते, आणि साखर लघवीवाटे चालती होते, आणि तिजबरोबर अंगातले फाजील पाणी जाते, आणि काळजाचा भार हलका होतो, आणि खुद्द नाकेदारांचीही झीज मंदावते. खोडी इतुकीच की वरचेवर उठावे लागते, आणि पाणी पीत राहावे लागते, आणि खालची जागा स्वच्छ राखावी, नाही तर खाज सुटते. हे भटजींनी भर दरबारी खणखणीत सांगितले आणि मुत्सद्दी मंडळी जाजमाची नक्षी न्याहाळू लागली.

गोळी सुरू जाहली. थोडक्याच दिवसांत मानकोजीराव दरबारी उभे राहून बोलिले की, दादासाहेबांच्या मोरीस मुंग्यांचा तळ पडला आहे, सबब साखर वाढली, औषध फसले, आता पालखी सजवावी. त्या राज्यात मुंग्या पाहूनच निदान होत असे, त्यामुळे दरबार हबकला. भटजी म्हणाले, "मानकोजीराव, चोर वेशीबाहेर पळताना दिसला, तर गावात चोर वाढले म्हणाल काय?" मग रक्त तपासले तो साखर उतरलेली, आणि सूजही उतरून सरलष्करांचा जोडा चालता चालता मागे राहू लागला.

इतुक्यात नवरात्र आले आणि देवघरात सर्व मंडळी जमली. मानकोजीरावांनी मोठ्या मायेने सुचविले की हा गुण देवीचा, तर दादासाहेबांनी नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहावे. रंभाजीराव भाविक, संकल्प बोलून गेले, आणि गोळीही घेत राहू म्हणाले, म्हणजे दोन्हींकडून पुण्य. भटजी तांब्या खाली ठेवून म्हणाले, "सरकार, घास बंद आणि गोळी चालू, हे करू नये. देह चरबी जाळू लागतो, रक्तात आम्ल साठते, आणि लबाडी ऐसी की साखर मोजावी तर बरी दिसते. मळमळ, धाप, मग माणूस हातचा जातो. जेवण नाही त्या दिवशी गोळी नाही."

"आणि गोळी सोडली तर?"

"सूज फिरून येईल. दसऱ्यास पालखी."

रंभाजीराव समईकडे पाहत बसले. एकीकडे देवीस दिलेला शब्द आणि एकीकडे घोडा, आणि दोन्ही ठिकाणी घसरले तर हसे. मग त्यांचे कुटुंब सगुणाबाई पदर सावरून म्हणाल्या, "उपवास कुळाचा आहे. थोरल्यास दुखणे असता धाकट्याने धरावा, ही या घराची रीत. मामंजींचा धाकट्या मामंजींनी धरलाच होता की. भावजी, देवीवर भरवसाही तुमचाच मोठा. नुसत्या पाण्यावर म्हणालात ना?" भरल्या देवघरात मानकोजीरावांस नाही म्हणवेना, आणि भटजींनी तर तिथल्या तिथे त्यांच्या हाती पळीभर पाणी घालून संकल्प सोडविला.

मग दसरा उजाडला. मानकोजीरावांनी फेटा बांधिला, रिकिबीत पाय घातला, आणि दोन घोडे दिसू लागल्याने कोणत्यावर बसावे हे न कळून खालीच बसले. रंभाजीराव भाकरी आणि पालेभाजी जेवून, गोळी घेऊन आले, आणि कोणाचा हात न धरिता चढले, आणि निशाणापुढे घोडा घातला, आणि शीव ओलांडिली, आणि नौबत झडली. वाटेत झाडामागे उतरावे लागले, तो गोळीचा मान होता, तो दिला. माघारी येऊन त्यांनी पहिले आपट्याचे पान भटजींस दिधले आणि दुसरे सगुणाबाईंस.

सारांश, गोळी गुणाची, परंतु तिचा स्वभाव जाणून घ्यावी, आणि वैद्यापासून उपवास लपवू नये. येणेप्रमाणे साखर हरली, सरलष्करी राहिली, आणि देवीचा उपवासही यथासांग पावला.