ललिता बाजूला बसते

ललिताला बाजूला बसवलं होतं, आणि राहू गावातल्या त्या घरानं यापेक्षा अवघड काम तिला आजवर सांगितलं नव्हतं. बाजूला राहणं एक वेळ जमलं असतं हो, पण बसणं? पोरगी एका जागी बसलेली देवानंसुद्धा पाहिली नव्हती. पाण्याला पाठवली तर कळशी विहिरीवर विसरायची आणि परकरात बोरं घेऊन घरी यायची. गुरुजींनी प्रश्न पुरा विचारायच्या आत उत्तर ठोकून द्यायची, तेही बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं.

लहान होती तोवर लोक हसायचे. वर्षभरात अंगानं वाढली आणि हसणं बंद झालं. "एवढी घोडी झाली, आन् अक्कल कवा यायची?" हे ज्याच्या त्याच्या तोंडी. तिला आता उगाचच रडू यायचं, उगाचच राग यायचा, आणि मैत्रिणी तिला टाळायच्या. म्हणून या वेळी तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हे दिवस गुमान बसून काढायचे, म्हणजे पुन्हा कुणी येडी म्हणणार नाही.

गोठ्याच्या पडवीत गोणपाट अंथरलं होतं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. "कुनाला शिवायचं न्हाई, ध्यानात हाय ना?" थोरली चुलती साखरबाई अंगणातूनच ओरडली.

"व्हय काकी."

त्यानंतर तिच्याशी कुणी बोललं नाही. शिरूरहून हौसरावमामा आला, टेरिलिनचा नवाकोरा सदरा घालून, पण तोही लांबूनच हात हलवून ओसरीवर टेकला. ललिताला फार एकटं वाटलं. ती वासराशी बोलत बसली. बोलता बोलता त्याच्या दाव्याची गाठ चाळवत राहिली, आणि गाठ सुटली.

अंगणात बाजेवर शेवया वाळत होत्या. वासराला तेवढंच हवं होतं.

"शेवया!" ललिता ओरडली आणि धावली. आपण बाजूला बसलोय हे तिच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं दावं धरलं, वासरू बाजेभोवती फिरलं, दावं साखरबाईच्या पायांत गुंतलं आणि ललिता चुलतीच्या अंगावर, दोघी मिळून शेवयांवर!

"शिवली गं बाई, शिवली!" साखरबाई उठून मागं सरली ती थेट दिरावर आदळली. हा दीर म्हणजे ललिताचा बाप ज्ञानदेव, पाहुण्याला पाणी घेऊन निघाला होता. तोल सावरायला त्यानं मेव्हण्याचा खांदा धरला आणि तांब्या टेरिलिनवर रिकामा झाला.

"मी पावना हाय, मला चालतंय," मामा म्हणाला.

"पावन्याला काय इटाळ लागत न्हाई व्हय?" साखरबाई कडाडली. "घरात पाऊल टाकू नका कुनी! रांजनाला हात लावू नका!"

आता अंघोळ केल्याशिवाय घरात जाता येईना, आणि अंघोळीच्या पाण्याला शिवता येईना. चुलीपाशी असलेली ललिताची आई चांगुणा तेवढी सुटली होती. ती एकेकाला पाणी घालणार, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. कुठं? तर पडवीत!

मामा खुशाल गोणपाटावर बसला. शिवाशिव झालीच होती, आता लांब कशाला राहायचं? त्यानं शिरूरच्या बाजारातल्या बैलाची नक्कल केली. ज्ञानदेवानं लेकीला दाव्याची पक्की गाठ शिकवली. साखरबाई शिव्या घालत होती, पण घालता घालता पोरीच्या केसांतल्या शेवया वेचत होती. ललिताला इतकं बरं वाटलं की ती चक्क बसून राहिली.

मग एकेकाची अंघोळ झाली आणि एकेक जण उठून गेला. मामा मेव्हण्याचं जुनं धोतर गुंडाळून लांबून म्हणाला, "बस आता नीट, पोरी." पडवी ओस पडली.

ललिता हुंदके देऊ लागली. चांगुणा रिकामी बादली घेऊन चालली होती, ती थबकली.

"आये, मी लई ठरवलं हुतं गं. माझ्या डोक्यातच काय तरी बिघडलंय."

"चांगुणे!" आतून साखरबाईची हाक आली. "भाकरी टाक की, पावना खोळंबलाय!"

चांगुणानं बादली खाली ठेवली. "मला न्हाई येता यायचं, आक्का. मलाबी शिवली ही."

"तुला? कवा?"

"पानी घालताना."

ललितानं डोळे पुसले, आणि सवयीप्रमाणे विचार न करताच ओरडली, "न्हाई हो काकी! मी कुठं शिवले? आय खोटं बोलतीया!"

साखरबाई दारात आली आणि तिनं कपाळावर हात मारला. चांगुणा लेकीकडे बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना. ती गोणपाटावर मांडी घालून बसली, पोरीला दोन्ही हातांनी ओढून कुशीत घेतलं आणि तिचं तोंड पदरानं पुसलं.

"आता शिवली," ती जावेला म्हणाली. "भाकरी तेवढ्या तुम्हीच थापा."