दगा मिस्तरींच्या हाका

दगा मिस्तरींनी मला पहिली हाक मारली ती दुसऱ्याच माणसाच्या नावाने.

"अय नथू, सोगा खोस."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. शाळेचा पहिला दिवस, म्हणून मी अदबीनं म्हटलं, "मिस्तरी, मी नथू नही. मी म्हसावदना भगवान."

"माले म्हाईत शे. सोगा खोस."

मी धोतराचा सोगा खोसला आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं भट्टीच्या धुरानं गेलेलं दिसतं.

ही गोष्ट लढाईच्या आधीची. नंदुरबारला स्टेशनच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, लोहारकाम शिकवायची एक छोटी शाळा निघाली होती. कडी, कोयंडा, विळा, खुरपं, सांडशी एवढंच शिकायचं. मी इंग्रजी तिसरीत दोनदा गचकलो, तेव्हा वडील म्हणाले, पुस्तक वाकत नसेल तर लोखंड तरी वाकवून बघ. आमच्या सात पिढ्यांत कुणी घण उचलला नव्हता. भाऊबंद हसले. आई रडली. मी मात्र मजेत होतो, कारण लोहारशाळेत कविता पाठ कराव्या लागत नाहीत असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

मिस्तरींचं ते चुकीच्या नावांनी हाका मारणं काही थांबेना. माझ्या शेजारी अक्राणीच्या डोंगरातला खेमा होता. दांडगा गडी, घरी पावरी बोलणारा. त्याच्या गावाहून जवळचा लोहार दोन दिवसांच्या वाटेवर, म्हणून गावानं त्याला शिकायला धाडलेला. तो जमिनीवरची लोखंडाची कांब उचलायला वाकला की मिस्तरी ओरडायचे, "धोंडू." पाठमोरे असले तरी ओरडायचे. त्या माणसाच्या पाठीला डोळे होते की काय, देव जाणे. एकदा हेडक्लार्क उपरणं लोंबवत भट्टीजवळ आले, तर त्यांनाही "अय नथू." गावात एका लग्नाच्या पंगतीत आचारी उघड्या हातानं तवा धरायला गेला, तिथंही पानावरून उठून "धोंडू." आचारी तवा सोडून पाहतच राहिला.

महिन्याभरानं कोडं उलगडलं, तेही खेमाला. माझ्या हुशारीला नाही. मिस्तरी 'जपून' हा शब्द कधीच वापरत नव्हते. ज्याला जी इजा झाली, तिला त्याचंच नाव. सोगा मोकळा ठेवून जळाला तो नथू. काळं लोखंड थंड समजून उचललं तो धोंडू. तापलेली नळी पाण्यात बुडवून वरून तोंड घालून बघत बसला, आणि वाफेनं चेहरा उकडला, तो मोतीराम. भट्टी फुंकताना अर्धी मिशी घालवली तो आत्माराम. आत्मारामाचं नाव घेताना मिस्तरी जरासं हसायचे, बाकीच्यांच्या वेळी नाही.

"लोखंड काळं दखास, म्हनीसन थंड व्हयनं आसं नही," असं म्हणत ते हाताची पालथी बाजू लोखंडाच्या वितभर वर धरायचे आणि सांगायचे, आत्ता धर, किंवा अजून विडी ओढ. कांब भट्टीत असली की म्हणायचे, पळसाच्या फुलाचा रंग आला की काढ, केळीच्या गाभ्याचा आला म्हणजे तू झोपला होतास. मी तासन् तास त्या विस्तवाकडे बघायचो. मला सगळे रंग लालच दिसायचे. त्यांना त्यात अख्खं रान दिसायचं. त्यांनी घण मात्र कधी उचलला नाही. तो आम्ही मारायचा, ते शेजारी उभे राहून बोलायचे. मी आयुष्यात पुढे पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण विद्या अंगात मुरणं म्हणजे काय ते त्या शेडमध्ये पाहिलं.

आणि हा माणूस एक अक्षर वाचू शकत नव्हता.

भाद्रपदात कचेरीतून एक पत्र्याची पाटी आली. वर दहा नियम. सोबत हुकूम, की शिक्षकाने रोज सकाळी हे मोठ्यानं वाचावेत. दसऱ्यानंतर तपासनीस साहेब ऐकायला येतील. ज्याला वाचता येणार नाही त्याला कामावर ठेवू नये. मिस्तरींना घर नव्हतं. ते शेडच्या कोपऱ्यातच राहायचे. इथून काढलं तर जातील कुठं?

मी त्यांच्याकडून पाठ करून घ्यायला बसलो. कविता टाळायला आलेला मी, आणि लागलो पाठांतराच्याच कामाला. "विद्यार्थ्यांनी सैल वस्त्रे परिधान करू नयेत."

मिस्तरींनी विचारलं, "परिधान कोन? कोना गावना?"

"माणूस नही मिस्तरी, शब्द शे."

"मंग याद कसा ऱ्हाई?"

महिना गेला. एकही नियम त्यांच्या डोक्यात राहिला नाही. खेमाला तर दहातला एकही समजला नव्हता.

साहेब आले ते नेमके दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी आम्ही हत्यारं पुजली होती, झेंडूच्या माळा तशाच होत्या. मिस्तरी पहाटेपासून एकेका घणाचा दांडा राखेनं घासत बसले होते. नोकरी जायची वेळ आली आणि म्हातारा दांडे काय घासतोय, म्हणून मी चिडलो होतो.

साहेब खुर्चीवर बसले. "हं, वाचा."

मिस्तरी पाटीसमोर उभे राहिले, पण पाटीकडे पाहिलंच नाही. आमच्याकडे पाहिलं.

"नियम पहिला. नथू. सोगा खोसाना. भट्टीजोडे मोकळा ऱ्हायना, तो जळना. सहा महिना खाटवर व्हता. नियम दुसरा. धोंडू. काळं लोखंड हाते धरानं नही. त्यानी दोन बोटं गयात."

साहेबांची नजर पाटीवरच्या ओळींवरून सरकत होती. ती थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या पायांकडे. सगळं संपलं असं मला वाटलं. मिस्तरी बोलतच राहिले. मोतीराम, आत्माराम, एकेक माणूस, त्याचं गाव, त्याची जखम. दहा झाले.

"नियम अकरावा," मिस्तरी म्हणाले. "दसराले हत्यारनी पूजा करानी. पन घणना दांडाले तेल लावानं नही, दांडा निसटस. कोनी लावं, तर दुसरा दिन राखोडी घासानी."

एवढंच. मागून खेमानं विचारलं, "नाव काय?" त्याला बिचाऱ्याला नियम नावावरूनच लक्षात राहायचे.

"सुपडू."

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"मन्हा आंडोर, साहेब. तो सांडशी धरीसन समोर बठेल व्हता. घण मन्हा हातमा व्हता."

आंडोर म्हणजे मुलगा. आणि आमच्याकडे आधीची मुलं गेली की पुढचं जगावं म्हणून त्याला सुपात घालतात, त्याचं नाव सुपडू ठेवतात. साहेब देशावरचे, त्यांना हे ठाऊक नसावं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मी तोंड फिरवून रडलो, लपवायचं काय त्यात.

साहेबांनी वही उघडली. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'शिक्षकांनी नियम म्हणून दाखवले. विद्यार्थ्यांस समजतात. कायम ठेवावे.' जाताना मला म्हणाले, "तो अकरावा पाटीवर घाल."

पांढरा रंग आणून मी तो शेवटी लिहिला. मिस्तरी मागे उभे होते.

"सुपडू लिखं का?"

मी लिहिलं नव्हतं. सरकारी पाटीवर नावं नसतात. मी पुन्हा ब्रश बुडवला आणि लिहिलं.

"कोठे शे?"

"आठे. हाई तीन अक्षरं."

रंग ओला होता, म्हणून त्यांनी हात लावला नाही. वाळेपर्यंत समोर बसून राहिले. मग उठले, आणि तिन्ही अक्षरांवरून बोट फिरवून मला विचारलं, "यान्हामा 'सु' कोनता?"